वय झालेले रिसीव्हर किती वर्षं कामाचे राहतात? तिशीनंतरची घसरण ओळखायची कशी?

साइडलाइन_वाचक

मंडळी, एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या वाइड रिसीव्हरांबद्दल (पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू) विचारायचं आहे. "तिशी ओलांडली की रिसीव्हर संपला" हे सगळीकडे ऐकू येतं आणि त्याला खोटं पाडणारी नावंही लगेच पुढे येतात. जेरी राइसने २००२ मध्ये ओकलंड रेडर्सकडून खेळताना ९२ झेल आणि १,२११ यार्ड काढले, तेही ४० व्या वर्षी. लॅरी फिट्झजेराल्डने २०१७ मध्ये ३४ व्या वर्षी १०९ झेल घेतले. दुसरीकडे ज्युलिओ जोन्स २०१९ मध्ये ३० व्या वर्षी १,३९४ यार्ड काढतो आणि २०२१ मध्ये ४३४ वर येतो.

मला वयाचा ठोकताळा नको, तपासायची पद्धत हवी आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रिसीव्हर ३२ वर्षांचा. गेल्या हंगामात १७ सामन्यांत १,१२० यार्ड, या हंगामात १४ सामन्यांत ८१०. मधल्या काळात क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) बदलला आणि हॅमस्ट्रिंगमुळे, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे, रिसीव्हर तीन सामने बाहेर बसला. आता ही घसरण वयाची की परिस्थितीची, हे कसं वेगळं काढायचं? कोणते आकडे बघायचे, फिल्ममध्ये काय शोधायचं, आणि "स्लॉटमध्ये (बाजूच्या रेषेऐवजी आतल्या जागी) हलवला की दोन वर्षं वाढतात" या म्हणण्यात कितपत दम आहे?

आकडेमोड

आधी वयाचा घोळ मिटवू, कारण निम्मे वाद तिथेच अडकतात. राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा. म्हणजे २००२ चा हंगाम सुरू होताना तो ३९ चा होता आणि हंगाम चालू असताना ४० चा झाला. जोई गॅलोवेचा वाढदिवस २० नोव्हेंबरला. त्याचे २००७ मधले १,०१४ यार्ड कुणी ३५ व्या वर्षाच्या खात्यात टाकतं, कुणी ३६ व्या. काही याद्या हंगामाच्या सुरुवातीचं वय धरतात, काही ३१ डिसेंबरचं. दोन ठिकाणचे आकडे एकत्र करताना तारीख एकच धरा, नाहीतर वयाचा अख्खा आलेख एका वर्षाने सरकतो आणि ते लक्षातही येत नाही.

दुसरं म्हणजे एकूण यार्ड बाजूला ठेवा. हंगाम १९७७ पर्यंत १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. तुमच्या उदाहरणात सामन्यामागे ६५.९ यार्ड होते, ते ५७.९ झाले. घट आहे, पण १,१२० वरून ८१० म्हटल्यावर जेवढी वाटते तेवढी नाही.

खरं निदान रूटच्या, म्हणजे रिसीव्हरला ठरवून दिलेल्या पळण्याच्या वाटेच्या, हिशेबाने होतं. पासच्या खेळीत रिसीव्हर किती वेळा रूट पळाला, त्यातल्या किती वेळा चेंडू त्याच्याकडे आला (यालाच टार्गेट म्हणतात), आणि आलेल्या प्रत्येक चेंडूमागे किती यार्ड मिळाले, असे तीन तुकडे करा. समजा पहिल्या वर्षी ५६० रूट आणि १३० टार्गेट, दुसऱ्या वर्षी ४५० रूट आणि १०८ टार्गेट.

रूटमागे यार्ड: २.०० वरून १.८०.
शंभर रूटमागे टार्गेट: २३.२ वरून २४.०.
टार्गेटमागे यार्ड: ८.६ वरून ७.५.

यातून काय दिसतं? त्याच्याकडे चेंडू येण्याचं प्रमाण कमी झालेलं नाही. सगळी घट टार्गेटमागच्या यार्डांत आहे. आता टार्गेटची सरासरी खोली बघा, म्हणजे चेंडू स्क्रिमेज रेषेपासून (जिथून खेळी सुरू होते) किती यार्ड पुढे फेकला गेला ते. ती १२ वरून ९ वर आली असेल, तर संघातल्या बाकीच्या रिसीव्हरांची खोलीही तपासा. सगळ्यांचीच कमी झाली असेल तर कारण नवा क्वार्टरबॅक किंवा त्याच्यापुढची, त्याला वाचवणारी कच्ची फळी. बाकीच्यांची तशीच राहून फक्त या एकाची घसरली असेल तर प्रशिक्षकांनी त्याला खोल रूट द्यायचं थांबवलंय, आणि ते सहसा विनाकारण थांबवत नाहीत.

चित्र याच्या उलट असतं, म्हणजे टार्गेटमागचे यार्ड टिकून आहेत पण शंभर रूटमागची टार्गेट २३ वरून १८ वर आली आहेत, तर मला जास्त काळजी वाटली असती. क्वार्टरबॅक मोकळ्या माणसाकडे फेकतो. तो बघायचं सोडतो, तेव्हा बहुतेक वेळा रिसीव्हर मोकळा होत नसतो.

सर्वसाधारण अंदाजासाठी रूटमागे २ च्या वर म्हणजे उत्तम, १.५ च्या आसपास ठीकठाक. पण २०० रूट पूर्ण होण्याआधी या आकड्यावर काहीही ठरवू नका. ६० यार्डांचा एक टचडाउन (शेवटच्या रेषेपार नेलेला चेंडू) १०० रूटच्या नमुन्यात ०.६ ची भर घालतो.

आता सगळ्यात मोठी फसगत. "३३ वर्षांच्या रिसीव्हरांची सरासरी ३२ वर्षांच्यांपेक्षा फारशी कमी नाही" असं कुणी दाखवलं की ती सरासरी कुणाची आहे ते विचारा. तीन खेळाडू घ्या. ३२ व्या वर्षी त्यांचे रूटमागे यार्ड १.९, २.१ आणि १.६, सरासरी १.८७. पुढच्या वर्षी पहिला १.७, दुसरा २.०, आणि तिसऱ्याला कुणी संघातच घेतलं नाही. ३३ व्या वर्षाची सरासरी १.८५. आलेख जवळजवळ सपाट! प्रत्यक्षात उरलेले दोघंही घसरले, सरासरी ०.१५ ने, आणि तिसरा तर आलेखातून गायबच झाला. म्हणून तुलना त्याच माणसाची त्याच माणसाशी करायची. लागोपाठच्या दोन वर्षांतला फरक काढा, दोन्हींपैकी कमी रूट असलेल्या वर्षाइतकंच वजन त्याला द्या, मग अशा फरकांची सरासरी घ्या. आणि बाहेर पडलेल्यांची वेगळी मोजदाद ठेवा, कारण खरी घसरण त्यांच्यात लपलेली असते.

यालाही अपवाद आहेत. कॅल्विन जॉन्सन २०१५ मध्ये ८८ झेल आणि १,२१४ यार्ड काढून ३० व्या वर्षी निवृत्त झाला. बाहेर पडलेला प्रत्येक जण खेळ संपल्यामुळेच गेला असं धरता येत नाही.

रूटट्री

आकडेमोड यांनी हिशेब नीट मांडलाय. फिल्मचं मी सांगतो.

पाय मंदावलेत हे सगळ्यात आधी वेग घेताना दिसत नाही, वेग कमी करताना दिसतं. सरळ रेषेत पळायची ताकद बरीच वर्षं टिकते. जाते ती पूर्ण वेगातून दोन-तीन पावलांत थांबायची ताकद. म्हणून लांब गो रूट (न वळता सरळ पुढे पळायचा) बघून वय ठरवू नका, कमबॅक आणि डिग (पुढे पळून मैदानाच्या मध्याकडे वळायचा रूट) बघा. कमबॅकमध्ये रिसीव्हर साधारण १५ यार्ड पळतो, थांबतो आणि साइडलाइनकडे तिरका १२-१३ यार्डांवर परत येतो. त्या थांबण्यावर फिल्म एकेक फ्रेम पुढे न्या. चांगल्या स्थितीतला खेळाडू शेवटच्या पावलापर्यंत छाती गुडघ्यांच्या पुढे ठेवतो, कंबर एकदम खाली बसते, आणि तिसऱ्या पावलाला तो वळलेला असतो. पाय जड झालेला खेळाडू थांबायच्या दोन पावलं आधीच छाती वर उचलतो आणि छोटी छोटी चार-पाच पावलं टाकतो. समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारा बचावपटू) नेमकी तीच उचललेली छाती वाचतो आणि चेंडू सुटायच्या आत रूटवर झेप घेतो.

दुसरी खूण खोलीची. १२ यार्डांची डिग साडेदहावरच वळायला लागली की समजा, माणूस थांबण्यासाठी जागा वाचवतोय. दीड यार्ड किरकोळ वाटतो, पण क्वार्टरबॅकचं पाच पावलं मागे जाणं आणि रिसीव्हरचं वळणं एकाच ठेक्यात बसवलेलं असतं. रूट आधी वळला की चेंडू मागे पडतो किंवा लाइनबॅकरच्या (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) हातात जातो, आणि बघणारे क्वार्टरबॅकला बोल लावतात.

तिसरी खूण प्रतिस्पर्ध्यात शोधा. बचावपटू आपलं मत पायाने सांगतात. रिसीव्हरची भीती असते तेव्हा कॉर्नर सात-आठ यार्ड मागे उभा राहतो आणि चेंडू स्नॅप होताच (खेळी सुरू होताच) मागे सरकायला लागतो, वरून सेफ्टीही (सगळ्यात मागचा बचावपटू) त्याच बाजूला झुकलेला असतो. भीती गेली की तोच कॉर्नर जागेवर बसून राहतो. रिसीव्हर त्याच्या अंगावर पोचेपर्यंत कंबर वळवत नाही, आणि सेफ्टी दुसऱ्या बाजूला निघून जातो. हे टीव्हीच्या प्रक्षेपणात दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. बावीसही खेळाडू दाखवणारी प्रशिक्षकांची फिल्म लागते. एका सामन्यातले सगळे तिसरे डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) बघितले तरी पुरतं.

आणि कृपया गर्दीतल्या झेलांवर भाळू नका. दोन बचावपटूंच्या मध्ये उडी मारून घेतलेला झेल सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण एखाद्याच्या एकूण झेलांत असे झेल दरवर्षी वाढत असतील तर त्याचा अर्थ हात छान आहेत एवढाच नाही. मोकळं होणं कमी झालंय, हाही आहे. हात टिकतात, खांदे टिकतात, चेंडूचा अंदाज तर वाढतच जातो. सुटण्याची ताकद आधी जाते.

स्लॉटबद्दल. बाहेरच्या बाजूच्या एक्स रिसीव्हरला रेषेवर उभं राहावं लागतं, कारण नियमाने किमान सात जण स्क्रिमेज रेषेवर हवेत. तिथे कॉर्नर त्याच्या छातीला हात लावून सुरुवातच अडवतो. स्लॉटमधला एक यार्ड मागे उभा असतो, त्याला दोन्ही बाजूंना जागा असते, आणि स्नॅपच्या आधी हलवता येतं. म्हणजे पहिल्या पावलातला स्फोट कमी झाला असेल तरी चालून जातं. शिवाय तिथले बरेच रूट बचाव बघून वळायचे असतात: समोर झोन असेल (बचावपटू आपापली जागा राखत असतील) तर मोकळ्या जागेत थांब, माणसाला माणूस असेल तर त्याच्यापासून दूर वळ. अनुभव तिथे थेट कामाला येतो.

फिट्झजेराल्ड हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. २०११ मध्ये ८० झेल, १,४११ यार्ड, झेलामागे १७.६. २०१३ मध्ये ब्रूस एरियन्स ॲरिझोनात आले आणि त्याला आत हलवायला सुरुवात झाली. २०१५ ते २०१७ या तीन हंगामांत १०९, १०७ आणि १०९ झेल. यातल्या २०१६ ला झेलामागे फक्त ९.६ यार्ड. माणूस तोच, काम वेगळं. याची किंमतही मोजावी लागते. धावण्याच्या खेळीत आतल्या रिसीव्हरला लाइनबॅकर आणि सेफ्टींना अडवावं लागतं. फिट्झजेराल्ड ते मनापासून करायचा, म्हणून त्याला तिथे ठेवणं परवडलं. ज्याला अडवणं नको असतं त्याला आत उभा केला की संघाची अर्धी धाव बंद होते.

स्नायू_आणि_सांधे

उदाहरणातल्या "हॅमस्ट्रिंगमुळे तीन सामने" याकडे दोघांनीही पाहिलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नात तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

ज्युलिओ जोन्सचे २०२० चे आकडे उघडा. ९ सामने, ५१ झेल, ७७१ यार्ड. सामन्यामागे ८५.७ यार्ड, म्हणजे मैदानावर होता तेव्हा तो लीगमधल्या पहिल्या फळीतलाच होता. खेळ गेला नव्हता, हजेरी गेली होती. पुढच्या वर्षी टेनेसीत १० सामने, ३१ झेल, ४३४ यार्ड. दोन्ही वर्षं हॅमस्ट्रिंग. मोठ्या, वेगवान रिसीव्हरांची घसरण बऱ्याचदा अशीच येते. उतार दिसतच नाही, एकदम पायरी लागते.

कारण यांत्रिक आहे. पूर्ण वेगात पाय पुढे जाऊन जमिनीला टेकायच्या आधीच्या क्षणी मांडीच्या मागचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेकचं काम करत असतो. फाटतो तो तिथे, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस. वयाबरोबर जलद आकुंचन पावणारे तंतू कमी होतात, स्नायू आणि कंडरा यांच्या जोडावर आधीच्या दुखापतीचा वण असतो, आणि थकवा उतरायला जास्त दिवस लागतात. पुन्हा दुखावण्याचा सगळ्यात मोठा धोका आधीच्या दुखापतीतच असतो. म्हणून मोजताना "किती सामने बाहेर" इतकंच लिहू नका. त्याच पायाला पुन्हा झालं का, आणि परतल्यावर सहा आठवड्यांत पुन्हा दुखापतींच्या यादीत नाव आलं का, ते लिहा. तीन सामने एकदाच गेले असतील तर ठीक. एक सामना, मग दोन सामने, मग सामन्याच्या मध्यात बाहेर, असं असेल तर पुढचं वर्ष धोक्याचं धरा.

सामन्याआधी संघ जाहीर करतात तो दुखापतींचा अहवाल वाचताना बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा क्रम बघा. अनुभवी खेळाडूला बुधवारी विश्रांती देणं हे नेहमीचंच. अहवालात तसं "विश्रांती" लिहिलेलं असतं, त्याने घाबरू नका. काळजीची गोष्ट म्हणजे बुधवारी पूर्ण सराव आणि गुरुवारी मर्यादित. सराव करताना काहीतरी झालं, असा त्याचा अर्थ होतो.

विश्रांतीचीही एक मर्यादा आहे. आठवडाभर न पळवता जपून ठेवलेला पाय रविवारी एकदम पूर्ण वेगात गेला तर तोच फाटायची शक्यता जास्त. आठवड्यात निदान एक दिवस, सहसा गुरुवारी, जवळजवळ पूर्ण वेगाच्या थोड्या धावा व्हायलाच लागतात. जोडीला नॉर्डिक व्यायाम: घोटे धरून ठेवायचे, गुडघ्यांवर उभं राहून धड सावकाश पुढे झुकवायचं. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी करण्यात याचा उपयोग फुटबॉलच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सॉकरमध्ये, चांगला दिसून आला आहे. अडचण येते गुरुवारच्या सामन्याला. रविवारनंतर मधे फक्त तीन दिवस, त्यात ना विश्रांती पूर्ण होते ना वेगाचा सराव.

गुडघा आणि अकिलीसचा (टाचेच्या वरची कंडरा) हिशेब वेगळा. तिथे माणूस परत येतो, पण थोडा कमी होऊन. रेजी वेनचा गुडघ्याचा लिगामेंट ऑक्टोबर २०१३ मध्ये, ३४ व्या वर्षी फाटला. आदल्या वर्षी १,३५५ यार्ड होते, परतल्यावर २०१४ ला ७७९. स्टीव्ह स्मिथ २०१५ मध्ये ७ सामन्यांत ६७० यार्डांवर होता तेव्हा अकिलीस तुटला. पुढच्या वर्षी ३७ व्या वर्षी १४ सामन्यांत ७० झेल आणि ७९९ यार्ड. सामन्यामागे ९५.७ वरून ५७.१. त्या वयात ही पुनरागमनं थोर आहेत, यात वाद नाही. पण संघाने पुढचं गणित मांडताना जुना आकडा धरून चालत नाही.

आकडेमोड

रूटट्री, फिल्मचं सगळं मान्य. स्लॉटचं मात्र अर्धंच मान्य. फिट्झजेराल्ड आठवतो कारण ते जमलं. ज्यांना आत हलवून जमलं नाही ते दुसऱ्या वर्षी लीगमध्येच नव्हते, त्यांची उदाहरणं कुणी देत नाही. वर सांगितलेली फसगत इथेही आहेच.

आणि उलटी उदाहरणंही आहेत. गॅलोवे आयुष्यभर वेगावर खेळला. २००५ ते २००७ मध्ये टॅम्पाकडून त्याने अनुक्रमे १,२८७, १,०५७ आणि १,०१४ यार्ड काढले. शेवटच्या वर्षी झेलामागे १७.८, म्हणजे ३६ व्या वर्षीही काम खोल फेकींचंच. मग २००८ ला पायाची दुखापत आणि सगळे मिळून १३ झेल. ॲन्क्वान बोल्डिनचं नेमकं विरुद्ध. तरुणपणीही तो वेगवान नव्हता, त्यामुळे गमवायलाच फार काही नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोकडून २०१३ ला १,१७९ आणि २०१४ ला, ३४ व्या वर्षी, १,०६२ यार्ड. २०१६ ला डेट्रॉइटमध्ये ३६ व्या वर्षी ५८४ यार्ड, पण टचडाउन ८. दहा यार्डांच्या आत अंगाने जागा धरून ठेवणं त्याला शेवटपर्यंत जमलं.

राइसचं २००२ सुद्धा नीट बघा. त्या रेडर्स संघात रिच गॅनन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ४,६८९ यार्ड आणि ४१८ पूर्ण पास. टिम ब्राउन ३६ वर्षांचा, त्याचे ८१ झेल. रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा) चार्ली गार्नरचे ९१. म्हणजे छोटे, वेळेवर सुटणारे पास इतके होते की तिघांना पुरून उरले. राइसची शिस्त आणि ताकद यांचं श्रेय त्याचंच, पण त्याच वयाचा तोच राइस आठवड्याला २२ पास फेकणाऱ्या संघात १,२०० पर्यंत गेला असता असं मला वाटत नाही. वय झालेल्या रिसीव्हरचा अंदाज करताना संघ किती पास फेकतो आणि क्वार्टरबॅक ठेक्यात फेकतो का, हे निम्मं उत्तर असतं.

चौथा_डाउन

एक छोटी भर. जुन्या काळाशी तुलना करताना नियम विसरू नका. १९७८ पासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला अडवायला बंदी आली, २००४ मध्ये त्याची अंमलबजावणी कडक झाली, आणि मधल्या भागात स्वतःला सावरू न शकणाऱ्या रिसीव्हरवर होणाऱ्या धडकांना पुढे जास्त कडक शिक्षा होऊ लागल्या. चार्ली जॉयनर १९८६ पर्यंत, ३९ व्या वर्षापर्यंत सॅन डिएगोत खेळला आणि ७५० झेलांचा तेव्हाचा विक्रम करून थांबला. आजच्या ३४ वर्षांच्या माणसाला मधून पळताना जेवढं संरक्षण आहे, त्यातलं बरंचसं त्याला नव्हतं. टाइट एंड (झेलणं आणि अडवणं दोन्ही करणारे धिप्पाड खेळाडू) या यादीत मिसळू नका, त्यांचं वय वेगळ्याच गतीने चालतं. टोनी गोन्झालेझने २०१३ मध्ये ३७ व्या वर्षी ८३ झेल घेतले.

कॅपचा_हिशेब

घसरण पायरीसारखी दिसण्याचं एक कारण शरीराबाहेर आहे: संघातली जागा.

सामन्याच्या दिवशी संघाला जास्तीत जास्त ४८ खेळाडू उतरवता येतात. त्यात रिसीव्हर सहसा पाच. पहिले तीन पासच्या खेळीसाठी. चौथा आणि पाचवा मात्र किकऑफ आणि पंटच्या (लाथेने चेंडू लांब मारायच्या खेळी) तुकड्यांत पळणारा, टॅकल करणारा हवा. ३३ वर्षांचा, दहा वर्षं चेंडू झेललेला माणूस ते काम करत नाही, त्याच्याकडून करून घेणंही शहाणपणाचं नाही. म्हणजे तो संघात पहिल्या तिघांत बसला तर आहे, नाहीतर नाहीच. तरुण रिसीव्हर थोडा घसरला की चौथ्या जागेवर जातो. म्हातारा तेवढाच घसरला तर घरी जातो. आलेखात हे "एका वर्षात संपला" असं दिसतं, खेळ कदाचित दहाच टक्के कमी झालेला असतो.

पैसा मात्र इथे अडसर नाही. २०२५ ला सात किंवा जास्त हंगाम झालेल्या खेळाडूचं किमान वेतन १२.५५ लाख डॉलर होतं, पण अनुभवी खेळाडूंच्या सवलतीत बसणारा एक वर्षाचा करार असेल तर कॅपवर (संघाच्या एकूण वेतनखर्चाच्या मर्यादेत) फक्त १०.३० लाख धरले जात. त्या वर्षीची कॅप २७.९२ कोटी डॉलरची होती. तेव्हा "परवडत नाही म्हणून सोडला" असं किमान वेतनावरच्या माणसाबद्दल कुणी म्हणालं तर ते कारण नव्हे. जागेचा प्रश्न होता.

करार वाचताना एक कलम नक्की शोधा: प्रत्येक सामन्याला मैदानावर हजर असेल तरच मिळणारा बोनस. रकमेचा मोठा हिस्सा तिकडे वळवला असेल तर संघाला खेळाबद्दल शंका नाही, हजेरीबद्दल आहे. संघाच्या डॉक्टरांनी काय पाहिलंय याचा बाहेरच्यांना मिळणारा हा सगळ्यात सरळ इशारा. आणि कराराच्या शेवटी नावापुरती जोडलेली वर्षं मोजू नका. ती फक्त कॅपचा बोजा पुढे ढकलण्यासाठी असतात.

साइडलाइन_वाचक

सगळ्यांचे आभार. एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी अजून विचारतो. खेळाडूंच्या अंगावरच्या चिपवरून मोजलेलं, चेंडू पोचतानाचं रिसीव्हर आणि बचावपटूमधलं अंतर हल्ली सहज मिळतं. थेट तेच वापरलं तर? आणि नवा हंगाम सुरू झाल्यावर निर्णय कितव्या आठवड्यात करावा?

रूटट्री

अंतराचा आकडा वापरा, पण जागा बदलली असेल तर नाही. स्लॉटमध्ये समोरचा बचावपटू सुरुवातीलाच लांब असतो आणि रूट छोटे असतात, म्हणून अंतर आपोआप वाढतं. बाहेरून आत आलेल्या रिसीव्हरचा आकडा सुधारलेला दिसेल आणि तुम्ही म्हणाल पाय परत आले. खोल फेकींवर अंतर कायमच कमी असतं, त्यामुळे गॅलोवेसारखा माणूस त्यात वाईट दिसला असता. बाहेरच्या बाजूचे, १० ते १९ यार्डांचे रूट वेगळे काढून गेल्या वर्षीच्या त्याच प्रकाराशी लावून बघा. नमुना छोटा होईल, पण तुलना खरी होईल.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सहाव्या किंवा सातव्या आठवड्यानंतर. नियमित खेळणारा रिसीव्हर सामन्याला साधारण ३० ते ३५ रूट पळतो, म्हणजे सहा सामन्यांत २०० च्या आसपास. त्याआधी एकच गोष्ट बघण्यासारखी असते: संघाच्या पासच्या खेळींपैकी किती टक्क्यांत तो मैदानावर आहे. गेल्या वर्षी ९० टक्के होतं आणि पहिल्या तीन सामन्यांत ७० वर आलं असेल, दुखापतीची नोंदही नसेल, तर प्रशिक्षकांचा निर्णय आधीच झालेला आहे.

सातव्या आठवड्यात टार्गेटचं प्रमाण, टार्गेटची खोली आणि तिसऱ्या डाउनवरची हजेरी अशा तीन ओळी लिहा. तिन्ही खाली असतील तर उरलेल्या हंगामात तो गेल्या वर्षीच्या दोनतृतीयांश धरा. फक्त खोली खाली असेल आणि बाकी दोन जागेवर असतील तर तुमच्या उदाहरणातला ३२ वर्षांचा रिसीव्हर पुढच्या वर्षीही ७५-८० झेलांचा माणूस आहे, फक्त यार्ड ९०० च्या पुढे धरू नका.

स्नायू_आणि_सांधे

आणि त्या तीन ओळींखाली चौथी लिहा: त्याच मांडीचं नाव अहवालात पुन्हा आलं का. आलं असेल तर झेलांचा अंदाज तसाच ठेवून सामने १७ ऐवजी १२ धरा.